लांबची वाट आणि थोडा वेळ



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हाला पत्र पाठवले, तेव्हा आम्ही कामगार कायद्यावर बोलू, बोनसवर बोलू, फार तर संपांच्या आठवणी सांगू, असे त्यांना वाटले असावे. आम्ही विषय कळवला, 'दोन विमानतळांमधले अंतर आणि प्रवासाचा वेळ'. त्यावर त्यांचा पुन्हा फोन आला आणि विषय बरोबर लिहून घेतला आहे ना, याची त्यांनी सौजन्याने खात्री करून घेतली. विषय बरोबर आहे. आमची अर्धी हयात मुंबईच्या विमानतळावर गेली. आधी वीसेक वर्षे विमानाच्या पोटात सामान भरण्यात, आणि पुढे सामान भरणाऱ्यांची संघटना बांधण्यात. स्वतः विमानात बसण्याचा योग आजवर दोनदाच आला. तेव्हा या विषयावर आम्ही जे बोलणार, ते खाली उभे राहून वर पाहणाऱ्या माणसाच्या नात्याने.

दुसरी गोष्ट आधीच सांगून टाकतो. आम्ही शास्त्रज्ञ नव्हे, पदवीधरही नव्हे. वडील लालबागला गिरणीत होते. १९८२ च्या संपात त्यांची गिरणी सुटली आणि आमची शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते वाचनालयात, रात्रपाळीच्या सुटीत आणि दोस्तांशी घातलेल्या वादांत. आजचा विषयही अशाच एका वादातून निघाला.

२०१६ च्या ऑक्टोबरातली गोष्ट. कँटीनमध्ये चहा घेताना आमच्यातला एक तरुण लोडर वर्तमानपत्र घेऊन आला. बातमी अशी होती की, दिल्लीहून अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोला जाणाऱ्या एअर इंडियाच्या विमानाने वाट बदलली. आजवर ते पश्चिमेकडून, म्हणजे युरोपच्या बाजूने अटलांटिक महासागरावरून जात असे. आता ते पूर्वेकडून, चीन-जपानच्या बाजूने पॅसिफिक महासागरावरून गेले. नवी वाट सुमारे १,४०० किलोमीटरने लांब, आणि तरीही विमान जवळजवळ दोन तास लवकर पोहोचले. तो पोरगा म्हणाला, "काका, पेपरात चुकीचे छापले आहे. लांबच्या वाटेने गेलेला माणूस आधी पोहोचला, असे कधी होते का?"

आम्ही त्यांचे पुढारी. पुढाऱ्याला उत्तर आले पाहिजे. पण आम्हाला आले नाही. आम्ही दोन दिवसांची मुदत मागून घेतली आणि वाचनालय गाठले. त्या दोन दिवसांची दोन वर्षे झाली. त्या वाचनातले जे हाती लागले, तेच आज तुमच्यापुढे ठेवतो.

येताना आम्ही तुमच्या शाळेतून हा पृथ्वीचा गोल मागून आणला आहे, आणि घरून हा दोरा आणला आहे. एवढीच आमची प्रयोगशाळा. भिंतीवर टांगलेला जगाचा नकाशा तुम्ही सर्वांनी पाहिला आहे. त्यात सॅन फ्रान्सिस्को अगदी डाव्या टोकाला आणि आपण उजवीकडे. पट्टी ठेवून रेघ मारली तर ती अरबस्तान, आफ्रिकेचे वाळवंट आणि अटलांटिक यांवरून जाते. लहानपणापासून ही रेघ आपल्या डोक्यात बसली आहे. पण पृथ्वी चपटी नाही, आणि गोल वस्तूची साल काढून ती सपाट पसरायची तर कुठे तरी ताणावीच लागते. मर्केटर नावाच्या नकाशेकाराने १५६९ साली जो नकाशा काढला, त्यात दिशा बरोबर राहतात, पण ध्रुवांकडचे प्रदेश फुगतात. त्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते. वास्तविक आफ्रिका त्याच्या चौदा पट मोठी आहे.

म्हणून नकाशा बाजूला ठेवू आणि गोल घेऊ. दोऱ्याचे एक टोक दिल्लीवर धरा, दुसरे सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि दोरा ताणा. पाहा, तो अरबस्तानाकडे वळतसुद्धा नाही! तो सरळ उत्तरेला निघतो. हिमालय आणि तिबेट ओलांडतो, सायबेरियावरून आर्क्टिक महासागराच्या कडेला लागतो, अलास्कावर उतरतो आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याने खाली येतो. गोलावरची सर्वांत जवळची वाट ती हीच. तिची लांबी सुमारे १२,४०० किलोमीटर भरते. हे अंतर आमच्यासारखा आठवी पास माणूससुद्धा दोन्ही गावांचे अक्षांश-रेखांश घेऊन काढू शकतो. पृथ्वीचा पूर्ण घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे, त्याला ३६० अंशांनी भागले की एका अंशाला १११ किलोमीटर येतात. ही दोन गावे एकमेकांपासून सुमारे १११ अंश दूर आहेत. करा गुणाकार.

या घेरावरून आणखी एक मजेची गोष्ट निघते. घेर ४०,००० किलोमीटरचा असेल तर पृथ्वीवरची कोणतीही दोन ठिकाणे एकमेकांपासून २०,००० किलोमीटरपेक्षा दूर असूच शकत नाहीत. त्याहून पुढे गेलात की दुसऱ्या बाजूने जवळ येऊ लागता. आजचे मोठे विमान तासाला ९०० किलोमीटर चालते असे धरा. म्हणजे न थांबता उडता आले तर जगातले कोणतेही गाव बावीस-तेवीस तासांच्या पलीकडे नाही. सिंगापूरहून न्यूयॉर्कला २०१८ पासून न थांबता जाणारी जी सेवा पुन्हा सुरू झाली, तिची वाट १५,३०० किलोमीटरच्या आसपास आणि वेळ साडेअठरा तासांच्या घरात आहे. माणसाने आपल्या घराचे शेवटचे कोपरेही जवळजवळ गाठले आहेत.

आता तुम्ही विचाराल, की सर्वांत जवळची वाट १२,४०० किलोमीटरची, तर विमान तिनेच का जात नाही? दोऱ्याला डोंगर लागत नाही, विमानाला लागतो. तिबेटचे पठारच समुद्रसपाटीपासून साडेचार हजार मीटर उंच. वर विमानातली हवा काही कारणाने निसटली, तर वैमानिकाला झटपट तीन हजार मीटरांपर्यंत खाली यावे लागते, म्हणजे प्रवाशांना श्वास घेता येईल. तिबेटवर तेवढे खाली यायला जागाच नाही, खाली जमीन आहे. म्हणून विमाने शक्यतो त्या बाजूला जात नाहीत. उरल्या दोन वाटा. अटलांटिकवरून सुमारे १३,९०० किलोमीटर आणि पॅसिफिकवरून सुमारे १५,३०० किलोमीटर. आणि आमच्या पोराच्या बातमीप्रमाणे पहिलीला साडेसोळा तासांच्या आसपास लागत, दुसरीला साडेचौदा लागले.

भागाकार करून पाहा. १३,९०० ला साडेसोळाने भागले तर ताशी ८४० किलोमीटर येतात. १५,३०० ला साडेचौदाने भागले तर १,०५५ येतात. विमान तेच, इंजिने तीच, वैमानिक त्याच कंपनीचे. मग वेगात दोनशे किलोमीटरचा फरक कोणी पाडला?

तो वाऱ्याने पाडला. आमचे गाव संगमेश्वराजवळ, खाडीच्या काठी. लहानपणी आम्ही होडीत बसत असू, तेव्हा म्हातारे खलाशी भरती-ओहोटी पाहिल्याखेरीज होडी सोडत नसत. वल्हवणारा तोच आणि वल्हेही तेच असले, तरी भरतीबरोबर निघालात तर अर्ध्या तासात पोहोचता आणि ओहोटीच्या तोंडावर निघालात तर दीड तास घाम गाळता. विमानाचेही तसेच आहे. विमान जमिनीवर चालत नाही, ते हवेत चालते. हवेतून त्याचा वेग ९०० किलोमीटरच असतो, पण ती हवाच जर तासाला दीडशे किलोमीटरने पूर्वेकडे वाहत असेल, तर पूर्वेकडे जाणाऱ्याला ते दीडशे फुकट मिळतात आणि पश्चिमेकडे जाणाऱ्याच्या खिशातून तेवढेच जातात. विमाने उडतात त्या नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या हवेच्या अशा नद्या आहेत. हिवाळ्यात जपानजवळ त्यांचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्याही वर जातो. इंग्रजीतून आलेले त्यांचे नाव 'जेट स्ट्रीम'.

या हवेच्या नद्यांच्या शोधाची कथा आम्हाला फार भावली. जपानमध्ये वासाबुरो ओइशी नावाचे एक हवामानशास्त्रज्ञ होते. तातेनो येथील वेधशाळेतून ते लहान फुगे आकाशात सोडत आणि दुर्बिणीतून त्यांचा माग काढत. १९२० नंतरच्या काही वर्षांत त्यांनी असे बाराशेच्या वर वेध घेतले आणि वर फार जोराचा वारा वाहतो हे पक्के केले. १९२६ साली त्यांनी तो वृत्तांत प्रसिद्ध केला. जगाला समजावा म्हणून त्यांनी तो एस्परांतो या नव्या जागतिक भाषेत लिहिला. हेतू किती उदात्त! पण ती भाषा जाणणारे शास्त्रज्ञ जगात फार थोडे. वृत्तांत छापला गेला आणि पडून राहिला. पुढे महायुद्धात, १९४४ साली, अमेरिकेची बाँबफेकी विमाने जपानवर उंचावरून आली तेव्हा वैमानिकांना त्या वाऱ्याने चकित केले. जपानी सैन्याला मात्र हे ज्ञान ठाऊक होते. त्यांनी १९४४-४५ च्या हिवाळ्यात त्याच वाऱ्यावर नऊ हजारांच्या वर बाँब बांधलेले कागदी फुगे सोडले आणि त्यांतले काही पॅसिफिक ओलांडून अमेरिकेत पोहोचलेही. १९४५ च्या मे महिन्यात त्यांतल्या एका बाँबने ओरेगॉनच्या रानात सहलीला गेलेल्या सहा जणांचा बळी घेतला. त्यांतली पाच मुले होती. ज्या वाऱ्यावर फुगे सोडले, तोच वारा २०१६ साली आपल्या विमानाच्या पाठीशी होता. एकच ज्ञान कोणाच्या हाती पडते, यावर किती अवलंबून असते पाहा.

इथे एक गैरसमज काढून टाकला पाहिजे, कारण तो आम्हालाही बरीच वर्षे होता. पुष्कळांना वाटते, पृथ्वी पूर्वेकडे फिरते, तेव्हा विमान नुसते वर जाऊन थांबले तर अमेरिका आपोआप खाली येईल. तसे होत नाही. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. चालत्या गाडीत उडी मारली तर आपण मागच्या डब्यात पडत नाही, त्याच जागी पडतो. फरक पडतो तो हवा पृथ्वीपेक्षाही पुढे धावते तिथे.

आणि या विमानाची शेवटची गंमत ऐका. ते जाताना पूर्वेकडे पॅसिफिकवरून गेले आणि परत येतानाही पूर्वेकडेच, अटलांटिकवरून आले. म्हणजे जाताना वारा पाठीशी, येताना वारा पाठीशी आणि एका फेरीत पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण!

आता घड्याळाकडे वळू. ते विमान दिल्लीहून रविवारी पहाटे चारच्या सुमारास निघाले आणि सॅन फ्रान्सिस्कोला उतरले ते रविवारीच सकाळी साडेसहाच्या सुमारास. साडेचौदा तास उडून घड्याळात अडीच तासच पुढे! कारण उघड आहे. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात साडेतेरा तास मागे असते. वाटेत प्रवाशांनी तारीखरेषा ओलांडली, तेव्हा रविवारातून ते शनिवारात गेले आणि पुन्हा रविवारात आले. मंडळी हसतात, पण यात कोणाचे आयुष्य वाढले नाही. शरीराने साडेचौदा तास मोजलेच. घड्याळ ही माणसांनी आपसात केलेली तडजोड आहे, आणि तडजोड म्हटली की ती कोणाच्या सोयीने झाली हे विचारणे आमचा धंदाच आहे.

मुंबईने हे एकदा विचारले होते. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने साऱ्या देशाला एकच प्रमाणवेळ लावली. मुंबईची जुनी वेळ त्या वेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. म्हणजे गिरणीचा भोंगा नव्या घड्याळाप्रमाणे त्याच आकड्यावर झाला, तर सूर्याच्या हिशेबाने कामगाराला ३९ मिनिटे आधी, अंधारात, फाटकाशी हजर व्हावे लागणार. त्याच जानेवारीत मुंबईच्या गिरणी कामगारांनी या नव्या वेळेविरुद्ध काम बंद पाडले. पुढे नगरपालिकेने आपली घड्याळे कित्येक वर्षे जुन्या 'मुंबई टाइम'वरच चालवली आणि तो घोळ १९५५ साली मिटला. आज आपण हसू, पण त्या अशिक्षित म्हटल्या गेलेल्या माणसांना एवढे नेमके कळले होते की घड्याळाचा काटा सरकवणारा आपल्या झोपेतून मिनिटे काढून घेतो.

वेग वाढला, वाढला, असे आपण नेहमी ऐकतो. थोडा हिशेब पाहू. आगबोटीच्या काळात मुंबईहून सुएझमार्गे इंग्लंड गाठायला दोन-तीन आठवडे लागत. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे पंख्याचे विमान पस्तीस प्रवासी घेऊन मुंबईहून निघाले आणि कैरो व जिनिव्हा येथे थांबत १० जूनला लंडनला पोहोचले. १९६० साली एअर इंडियाकडे बोइंग ७०७ हे जेट विमान आले आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली. आता लक्ष द्या. त्या ७०७ चा वेग आणि आजच्या विमानाचा वेग यांत सांगण्यासारखा फरक नाही! काँकॉर्ड विमान १९७६ पासून आवाजाच्या दुप्पट वेगाने प्रवासी नेऊ लागले आणि २००३ साली बंद झाले. मग वेळ कशात वाचला? वाटेतले मुक्काम गेले त्यात. टाक्या मोठ्या झाल्या, इंजिने काटकसरी झाली. त्या सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानाच्या, म्हणजे बोइंग ७७७ च्या लांब पल्ल्याच्या जातीच्या, टाक्यांत १,८१,००० लिटर इंधन मावते. त्याचे वजन १४५ टनांच्या आसपास, म्हणजे उड्डाणाच्या वेळच्या कमाल वजनाच्या चाळीस टक्के. त्या इंधनातला एक मोठा हिस्सा उरलेले इंधन वाहण्यातच जळतो. आमचा एक सोबती म्हणाला होता, "बैलगाडीत बैलाचाच कडबा भरल्यासारखे आहे." आम्हाला याहून चांगली व्याख्या कुठल्या पुस्तकात मिळाली नाही.

आणि वारा, डोंगर, इंधन हे सारे अनुकूल असले तरी एक अडथळा उरतोच. तो माणसाने घातलेला. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनचे युद्ध पेटले आणि रशियाचे आकाश युरोपातल्या विमानांना बंद झाले. फिनलंडहून टोकियोला साडेनऊ तासांत जाणाऱ्या विमानाला तेरा तासांच्या आसपास लागू लागले आणि ते उत्तर ध्रुवावरून फिरून जाऊ लागले. हेलसिंकी जागचे हलले नव्हते, टोकियोही हलले नव्हते. आपल्याकडे २०१९ साली फेब्रुवारी अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानचे आकाश बंद होते. त्या काळात एकट्या एअर इंडियाचे २ जुलैपर्यंत ४९१ कोटी रुपयांचे नुकसान झाले असे सरकारने संसदेत सांगितले. २०२५ च्या एप्रिलात ते आकाश भारतीय विमानांना पुन्हा बंद झाले. दोऱ्याने मोजलेले अंतर निसर्गाचे असते. तासांनी मोजलेल्या अंतरात मात्र राजकारणाचाही वाटा असतो.

एवढे सारे आम्ही त्या तरुण सोबत्याला सांगितले. त्याने शांतपणे ऐकले, आणि मग दुसरा प्रश्न विचारला. तो प्रश्न आम्ही आजही विसरलो नाही. तो म्हणाला, "काका, विमानाचा वेळ हे लोक कुठून कुठपर्यंत मोजतात?"

याचे उत्तर आम्हाला पुस्तकावाचून ठाऊक होते, कारण ते आमच्या हातचे काम. विमान उभे असते तेव्हा त्याच्या चाकांखाली ठोकळे लावलेले असतात. ठोकळे निघून विमान हलले की वेळ सुरू, आणि दुसऱ्या गावी थांबून पुन्हा ठोकळे लागले की वेळ बंद. धावपट्टीपर्यंत रांगेत सरकण्याची वीस मिनिटे धरली जातात, उतरल्यावर जागा मिळेपर्यंतची दहा मिनिटे धरली जातात. एक मिनिटही वाऱ्यावर सोडत नाहीत. वेळापत्रकात छापतात तो हाच वेळ.

"आणि आपला?" त्याने विचारले.

आमच्या माणसांना त्या वेळी कामगारांच्या फाटकाशी रांग लावावी लागे. मग पास तपासणी, मग झडती, मग बसची वाट, मग बसने विमानांपर्यंत. यात चाळीस मिनिटे जात. हजेरी लागे ती तिथे पोहोचल्यावर. परत जाताना तोच क्रम. म्हणजे चाके हलली की विमानाचा वेळ सुरू होत होता, आणि माणसाचे पाय हलले तरी त्याचा वेळ सुरू होत नव्हता. ही गोष्ट केवळ आमच्याकडची नव्हे. अमेरिकेत विमानातल्या सेविका-सेवकांना दार बंद होईपर्यंतच्या कामाचे तासाप्रमाणे वेतन न देण्याची रीत बऱ्याच कंपन्यांत होती. प्रवासी चढत आहेत, सामान वर ठेवायला मदत चालू आहे, पोरे रडत आहेत, आणि हिशेबात ते काम नाही! डेल्टा कंपनीने २०२२ साली त्या वेळेचे निम्म्या दराने पैसे देणे सुरू केले. वैमानिकांच्या विश्रांतीचेही तसेच. आपल्याकडे त्यांची आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास करण्याचा नियम झाला. तो २०२५ साली टप्प्याटप्प्याने अंमलात आला, आणि पुरेसे वैमानिक हाताशी नसल्यामुळे त्या डिसेंबरात एका मोठ्या कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली. लोक स्थानकांवर, म्हणजे विमानतळांवर, जमिनीवर झोपले. तेव्हा कित्येकांनी नियमाला दोष दिला. आम्ही विचारतो, रात्री तीन वाजता तुमचे विमान उतरवणारा माणूस झोपलेला असावा की जागा? नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली, तेव्हाही गिरण्या बुडतील असे म्हणणारे होते.

आता एक घरची गोष्ट सांगतो. सभेत आम्ही ती फारशी सांगत नाही, कारण तिच्यात दोष थोडा आमचाही आहे.

२००९ चा जुलै महिना. आमची रात्रपाळी होती आणि न्यूयॉर्कचे विमान भरायचे काम आमच्या टोळीकडे होते. मुंबई ते न्यूयॉर्क गोलावर दोरा धरला तर साडेबारा हजार किलोमीटर, वेळ सोळा तासांच्या आसपास. मध्यरात्रीच्या सुमारास गावाहून निरोप आला की आई गेली. आम्ही सुपरवायझरकडे गेलो. त्याने कंत्राटदाराला फोन केला. उत्तर आले, माणसे कमी आहेत, पाळी संपल्यावर जा. आम्ही कराराचा कागद आठवून पाहिला. त्यात घरच्या मृत्यूसाठी तातडीने सोडण्याचे कलम नव्हते. नव्हते, कारण मागच्याच वर्षी बोलणी झाली तेव्हा आमच्याच समितीने ते कलम 'किरकोळ' म्हणून सोडून दिले होते आणि त्याच्या बदल्यात दीडशे रुपयांची वाढ आणि एक जादा गणवेश घेतला होता. त्या कागदावर सही करणाऱ्यांत आम्ही होतो.

विमान भरले. ठोकळे निघाले. ते साडेबारानंतर उडाले. सकाळी सहाला पाळी सुटली, तेव्हा आम्ही एस.टी. धरली. पाऊस मी म्हणत होता. महाडच्या पुढे घाटात दरड आलेली. गाड्यांची रांग लागली होती आणि आम्ही पोलादपूरजवळ चार तास बसून होतो. संध्याकाळी साडेचारच्या सुमारास सहज मनात हिशेब आला, की आपण भरलेले विमान आता न्यूयॉर्कला टेकले असेल. साडेबारा हजार किलोमीटर पार झाले, आणि आमचे तीनशे किलोमीटर अजून बाकी होते. घरी पोहोचलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. थांबून थांबून लोकांनी दुपारीच सारे उरकले होते. पावसात दुसरे काय करणार?

त्या बसमध्ये आम्हाला अंतर या शब्दाचा अर्थ कळला. घाट, दरड आणि पाऊस यांना आम्ही दोष देत नाही. पाळी संपेपर्यंतचे ते सहा तास मात्र दरडीने घेतले नव्हते. मध्यरात्रीच निघालो असतो तर दरड येण्याआधी घाट उतरलो असतो की नाही, हे देवाला ठाऊक. पण निघता आले नाही, त्याचे कारण कागदावरची एक गाळलेली ओळ होती, आणि ती गाळताना आमची संमती होती.

पुढच्या बोलण्यांत ते कलम आम्ही पहिले ठेवले. घरी मृत्यू किंवा गंभीर आजार असेल तर निरोप मिळाल्याक्षणी माणसाला सोडायचे, त्या पाळीचा पगार कापायचा नाही. दुसरी कलमे अडली, हे एक निघाले. फाटकापासूनच्या चाळीस मिनिटांसाठी पुढे आणखी भांडावे लागले. त्या तरुण सोबत्याचा प्रश्न आम्ही बोलणीच्या टेबलावर जसाच्या तसा ठेवला. विमानाचा वेळ ठोकळ्यापासून मोजता, तर माणसाचा फाटकापासून मोजा. चौदा महिन्यांनी चाळीसांतली वीस मिनिटे हजेरीत धरली गेली. उरलेली वीस अजून यायची आहेत. तो पोरगा आता त्या समितीचा चिटणीस आहे. दोरा त्याच्या हाती दिला आहे.

मंडळी, तुमच्यापैकी कित्येकांची मुले-नातवंडे परदेशी असतील. त्यांना भेटायला तुम्ही जाल, किंवा ती येतील. तुम्हाला तिकिटावर एक आकडा छापलेला दिसेल, पंधरा तास, सोळा तास. आमची एवढीच विनंती आहे, की तो आकडा वाचताना त्याच्या मागचे वारे, डोंगर, बंद पडलेली आकाशे आणि जागणारी माणसे यांचीही थोडी आठवण ठेवा. आणि खिडकीतून खाली पाहिलेत, तर विमानाच्या चाकाशी ठोकळा हाती धरून उभा असलेला एक माणूस दिसेल. तुमचा प्रवास त्याने ठोकळा काढल्यापासून सुरू होतो. त्याची पाळी त्याच्या आधी बरीच सुरू झालेली असते.

पृथ्वीचा गोल उद्या शाळेत परत द्यायचा आहे. ज्या मुलांना तो हवा असेल त्यांनी सभा संपल्यावर पुढे यावे, दोरा आमच्याकडे भरपूर आहे.